डोळ्यांच्या डॉक्टरने लष्करी शाळा का काढली?

नाशिकची भोसला मिलिटरी स्कूल सुरू केली ती डोळ्यांच्या एका डॉक्टरने. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा जन्म १८७२ मध्ये बिलासपूरला झाला. मुंबईत डॉक्टर होऊन ते बोअर युद्धात ब्रिटिशांच्या वैद्यकीय पथकात गेले. परतल्यावर नागपुरात दवाखाना आणि टिळकांचं राजकारण सुरू झालं.

१९२० मध्ये टिळक गेले. गांधीजींची अहिंसा मुंजेंना पटेना. भारतीयांना लष्करी शिक्षण हवंच, असं त्यांचं मत होतं. १९२७ मध्ये ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना इटलीत मुसोलिनीला भेटले, तिथलं मुलांचं लष्करी प्रशिक्षण पाहिलं. १९३७ मध्ये नाशकात शाळा उभी राहिली. १९४८ मध्ये मुंजे वारले. शाळा आजही चालते आणि इटलीच्या त्या भेटीवरून वादही.