कॉर्नेलिअस कार्ड्यू : रेषांतून संगीत मांडणारा संगीतकार

विसाव्या शतकातील प्रायोगिक संगीताच्या इतिहासात ब्रिटिश संगीतकार कॉर्नेलिअस कार्ड्यू यांच्या ‘ट्रीटिस’ या हस्तलिखित स्वरलिपीला वेगळे स्थान आहे. तब्बल 193 पानांच्या या रचनेत वर्तुळे, चौकोन, आकडे आणि वळणदार रेषा आहेत. मात्र ती कोणत्या वाद्यांवर, किती जणांनी आणि कशी वाजवायची, याची एकही सूचना नाही. त्यामुळे ती संगीताइतकीच चित्रकलेचीही कृती मानली जाते. विशेष म्हणजे, तिच्या कर्त्यानेच पुढे तिच्याकडे पाठ फिरवली.

कार्ड्यू यांचा जन्म 7 मे 1936 रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील विंचकम येथे झाला. वडील मायकेल कार्ड्यू हे नामवंत कुंभारकलावंत होते. बालपणी कँटरबरी कॅथेड्रलच्या गायकवृंदात गायलेल्या कॉर्नेलिअस यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिक्षण घेतले. पिएर बुलेझ यांच्या एका रचनेच्या ब्रिटनमधील पहिल्या सादरीकरणात वाजवता यावे म्हणून ते गिटार शिकले. त्यानंतर कोलोन येथे कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. युरोपातील नवसंगीताच्या अग्रभागी असलेल्या स्टॉकहाउझेन यांचा सहवास त्यांच्या जडणघडणीत महत्त्वाचा ठरला.

लंडनला परतल्यावर उपजीविकेसाठी त्यांनी ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेतले व एका प्रकाशनसंस्थेत नोकरी केली. या व्यवसायातील रेखाटनाची शिस्त ‘ट्रीटिस’मध्ये उतरली. 1963 ते 1967 या काळात त्यांनी ही रचना पूर्ण केली. तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनस्टाइन यांच्या ‘ट्रॅक्टेटस’ या ग्रंथाचा तिच्यावर प्रभाव होता. रचनेच्या मध्यातून एक जाड आडवी रेषा पुढे सरकत राहते. तिच्याभोवती आकृत्या जमतात, फुटतात आणि विरतात. प्रत्येक पानाच्या तळाशी पाच रेषांच्या दोन स्वरपट्ट्या रिकाम्या सोडलेल्या आहेत. चिन्हांचा अर्थ वादकांनीच आपसांत ठरवावा, अशी त्यामागची भूमिका होती. वादक हा आज्ञाधारक सेवक न राहता सहनिर्माता व्हावा, हा तिचा गाभा होता.

हाच विचार त्यांनी पुढे नेला. 1966 मध्ये ते ‘एएमएम’ या मुक्तवादन करणाऱ्या गटात सामील झाले. 1969 मध्ये मायकेल पार्सन्स व हॉवर्ड स्केम्प्टन यांच्यासह त्यांनी ‘स्क्रॅच ऑर्केस्ट्रा’ उभारला. संगीताचे शिक्षण नसलेल्यांनाही त्यात प्रवेश होता.

1970 च्या दशकाच्या प्रारंभी कार्ड्यू मार्क्सवादाकडे वळले. कामगारवर्गाला ज्या संगीताचा उपयोग नाही ते कोणासाठी, या प्रश्नाने त्यांना घेरले. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉकहाउझेन सर्व्ह्ज इम्पीरिअलिझम’ या पुस्तकात त्यांनी आपल्या गुरुतुल्य संगीतकारावर कठोर टीका केली. त्याच कसोटीवर ‘ट्रीटिस’सह स्वतःच्या पूर्वीच्या रचनाही त्यांनी नाकारल्या. प्रतिष्ठेचा मार्ग सोडून ते मोर्चे व सभांमध्ये सहज गाता येतील अशा साध्या चालींकडे वळले. 1979 मध्ये ब्रिटनमधील एका क्रांतिकारी कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता.

13 डिसेंबर 1981 रोजी पूर्व लंडनमधील लेटन येथे, घराजवळच एका वाहनाच्या धडकेत त्यांचा मृत्यू झाला. वाहनचालक न थांबता निघून गेला. त्याचा शोध कधीच लागला नाही. कार्ड्यू अवघे 45 वर्षांचे होते.

ज्या कृतीला त्यांनी निरुपयोगी ठरवले, तीच आज त्यांची सर्वाधिक ओळखली जाणारी रचना आहे. तिची पाने कलादालनांत चित्रांप्रमाणे पाहिली जातात आणि नवनवे वादकगट ती वाजवतात. चिन्हांचा अर्थ कर्त्याने नव्हे, वाजवणाऱ्याने ठरवावा, ही ‘ट्रीटिस’ची मूळ अट होती. कर्त्याने नाकारूनही ती रचना याच अटीमुळे टिकली आहे.