उपहासापुढे न थांबलेली वाणी

बोलताना जीभ अडखळण्याची कारणे निरनिराळी असतात; परंतु अडखळणाऱ्याला खरे खचविते ते ऐकणाऱ्यांचे हसणे. ते हसणे घरातीलच माणसांचे असले, तर त्याची जखम अधिक खोल जाते. श्रीमती रमाबाई रानडे यांच्या वाणीत उपजत दोष नव्हता. तथापि उपहासाने ती मुकी होऊन जावी, अशीच त्यांची परिस्थिती होती.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी स्वतः त्यांना शिकविण्यास आरंभ केला. परंतु घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेने शिकावे हे रुचत नसे. पुस्तक हाती घेतले की टोमणे सुरू होत.

नाशिकास असताना रमाबाईंवर सभेत बोलण्याचा पहिला प्रसंग आला. ते भाषण रानड्यांनीच लिहून दिले होते. पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची खटपट चालू असता गव्हर्नरसाहेबांच्या समोर त्यांनी इंग्रजीत निवेदन वाचले. सभेत कौतुक झाले. घरी मात्र उपहासाला भरती आली. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, आणि दुसऱ्या दिवशीचा पाठही सोडला नाही. सहन करणे आणि माघार घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

१९०१ साली पतिनिधन झाले. उसन्या शब्दांनी बोलू लागलेल्या याच रमाबाईंनी १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले. शेकडो स्त्रियांना तेथे विद्या व स्वावलंबन लाभले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी घरातील तो छळही सांगितला, पण कटुता न ठेवता. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले.

रमाबाईंचा आत्मविश्वास एका दिवसात उपजला नाही. नित्याचा अभ्यास आणि न हसता ऐकणारे एक माणूस, एवढ्या दोनच आधारांवर तो वाढला. ज्या घरात एखादे मूल अडखळत बोलते, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी त्याचे वाक्य मध्येच न तोडता शेवटपर्यंत शांतपणे ऐकावे. अभ्यास मूल करील. हसू आवरणे मात्र मोठ्यांच्या हाती आहे.