इयान डोनाल्ड

इयान डोनाल्ड (२७ डिसेंबर १९१० – १९ जून १९८७) हे वैद्यकीय सोनोग्राफीचा पाया घालणारे ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ होते.

जीवन
डोनाल्ड यांचा जन्म इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात झाला. बालपणी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. केपटाउन येथे पदवी घेऊन ते लंडनला परतले आणि १९३७ मध्ये सेंट टॉमस रुग्णालयाच्या महाविद्यालयातून वैद्यकीय पदवीधर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश वायुदलात वैद्यकीय अधिकारी होते. तेथे त्यांचा रडार व सोनार या तंत्रांशी परिचय झाला.

कार्य
युद्धानंतर त्यांनी श्वास न घेणाऱ्या नवजात अर्भकांसाठी श्वसनयंत्रे तयार केली. १९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. जुलै १९५५ मध्ये एका बॉयलर कारखान्यात, धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्रावर त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासल्या. द्रवाने भरलेली व भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे असल्याचे त्यांना आढळले. पुढे अभियंता टॉम ब्राउन व डॉ. जॉन मॅकव्हिकर यांचे सहकार्य त्यांना लाभले. जठराचा असाध्य कर्करोग ठरवलेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाची द्रवयुक्त गाठ असल्याचे यंत्राने दाखवले. शस्त्रक्रियेने ती स्त्री बचावली. या तिघांचा शोधनिबंध ७ जून १९५८ रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

श्वसनमार्गासाठी उपयोग
यंत्रे लहान झाल्यावर ही तपासणी रुग्णाच्या खाटेपाशी आली. भूलतज्ज्ञ तिच्या साहाय्याने मानेतील श्वासनलिका व स्वरयंत्राखालील पटल शोधून त्वचेवर खूण करतात. नळी घालणे अशक्य झाल्यास याच पटलातून प्राणवायू देता येतो. स्थूल वा मानेवर सूज असलेल्या रुग्णांत ते पटल बोटांनी चाचपून सापडणे कठीण असते. नळी चुकून अन्ननलिकेत गेल्याचेही चित्रात दिसू शकते. मात्र ध्वनिलहरी हवेतून नीट पुढे जात नसल्याने श्वासनलिकेची मागील भिंत दिसत नाही. त्यामुळे नळीच्या खात्रीसाठी उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचे मापन आवश्यकच राहते.

भारतातील संदर्भ
गर्भलिंगनिदानासाठी सोनोग्राफीचा गैरवापर झाल्याने महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम, त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. त्याच्या तरतुदींमुळे भूलतज्ज्ञाच्या हाती असलेल्या सुवाह्य यंत्राचीही नोंदणी करावी लागते.