नामदेवांचे चरित्र आणि पायरीचा आदिबंध

मध्ययुगीन संतांच्या चरित्रांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी मराठी अभ्यासात रूढ आहेत. एक दृष्टी चमत्कारकथा जशाच्या तशा स्वीकारते. दुसरी त्यांना बाजूला सारून उरलेला ऐतिहासिक भाग तेवढा ग्राह्य मानते. संत नामदेवांच्या बाबतीत या दोन्ही दृष्टी अपुऱ्या पडतात. त्यांच्या आख्यायिकांतून उंबरठ्याचा एकच आदिबंध पुनःपुन्हा प्रकटतो आणि त्यांच्या जीवनाचा अर्थ त्यातच सामावलेला आहे.

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मधला. वडील दामाशेटी, आई गोणाई, व्यवसाय शिंप्याचा. बालनामदेवाच्या हट्टापुढे नमून विठ्ठलाने नैवेद्य खाल्ला, या कथेत देव आणि भक्त यांच्यामध्ये उंबरठाच नाही. परंतु हे निरागस सान्निध्य म्हणजे ज्ञान नव्हे, असे पुढची कथा सांगते. संतमेळ्यात गोरोबा कुंभारांनी थापटीने प्रत्येकाचे मस्तक पारखले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. देवाच्या सर्वांत जवळचा भक्तच अपक्व ठरावा, हा या कथेचा गाभा होय. त्यानंतर विसोबा खेचरांनी देव एका मूर्तीत वा एका जागी बद्ध नाही हा बोध दिला, तो शिवपिंडीवर पाय ठेवून. पंढरीच्या गाभाऱ्यात रमलेल्या नामदेवांना येथे उंबरठ्याबाहेरच्या देवाची ओळख झाली.

हा बोध ज्या काळात झाला, तो काळ स्थिर नव्हता. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली. त्याच वर्षी आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. एका सत्तेचा आधार ढळत असता एक अध्यात्मिक आधारही निघून गेला. त्यानंतर नामदेव सुमारे चोपन्न वर्षे जगले. परंपरा त्यांना उत्तरेत, पंजाबातील घुमानपर्यंत नेते. १६०४ मध्ये संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात त्यांच्या नावाची ६१ पदे समाविष्ट आहेत. ती रचणारे नामदेव आणि मराठी अभंगकार नामदेव एकच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद झाले आहेत. तथापि एक गोष्ट लक्षणीय आहे. देवळाबाहेर घालविलेल्या भक्ताकडे देऊळच फिरले, हा प्रसंग औंढ्या नागनाथाच्या आख्यायिकेतही आहे आणि त्या पदांतही आहे. दोन भाषांच्या स्मृतीने नामदेवांची एकच प्रतिमा जपली : बहिष्कृताच्या दिशेने वळणारे दार.

या प्रतिमेची कसोटी चोखामेळ्याच्या मृत्यूत लागते. मंगळवेढ्याला वेस कोसळून चोखोबा गाडले गेले, तो परंपरेने मानलेला काळ इ. स. १३३८. त्यांच्या अस्थी नामदेवांनी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखल्या आणि पंढरपुरी महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. चोखोबांसाठी देऊळ फिरले नाही. त्यांना दाराबाहेरच जागा मिळाली. इ. स. १३५० मध्ये नामदेवांनी त्याच महाद्वाराच्या पायरीशी देह ठेवला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आत जाण्याचा अधिकार असलेल्या भक्ताने चिरविश्रांतीसाठी गाभारा न निवडता पायरी निवडली, हे या चरित्राचे सर्वांत बोलके चिन्ह होय. बालपणी उंबरठा न जाणणारा भक्त अखेरीस स्वतःच उंबरठा झाला.

मात्र आदिबंधाच्या सौंदर्यात इतिहासाचे विस्मरण होऊ नये. ही पायरी शतकानुशतके वंदिली गेली, तरी तिच्यापलीकडचे दार अस्पृश्य मानलेल्यांना बंदच राहिले. ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. प्रतीक समाजाची आकांक्षा जतन करते. तिची पूर्तता माणसांनाच करावी लागते. म्हणूनच नामदेवांच्या आख्यायिका टाकून देणे जितके अनुचित, तितकेच त्यांच्या पावित्र्यात समाधान मानणेही अनुचित ठरते.