ताराबाई मोडक : गैरहजेरीचा नवा अर्थ

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे नाव बालशिक्षणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. तथापि शाळेबाहेर राहिलेल्या मुलांच्या संदर्भात त्यांच्या जीवनकार्याचा विचार पुरेसा झालेला नाही. प्रस्तुत टिपणाचा तोच हेतू आहे.

पूर्वाश्रमीच्या केळकर असलेल्या ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही काळ त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते. १९२१ मध्ये विवाहविच्छेद झाल्यावर त्यांनी राजकोट येथे अध्यापिका-प्रशिक्षणाचे काम पाहिले. पुढे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी माँटेसरी पद्धती आत्मसात केली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

त्यांच्या जीवनाला खरे वळण मिळाले ते १९४५ मध्ये बोर्डी येथे. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी पालकांना दोष न देता बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. महागड्या साधनांची जागा खडे, शिंपले व पानाफुलांनी घेतली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना गैरहजेरीची कारणे अधिक स्पष्ट झाली : थोरली मुले धाकट्या भावंडांना सांभाळीत, काही गुरे राखीत. पहिल्या अडचणीवर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी, तर दुसरीवर गुरांमागे जाणारी कुरणशाळा हे उत्तर होते. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण हा सन्मान लाभला.

अंगणवाडी, विकासवाडी व कुरणशाळा हे शब्द केवळ नामकरण नव्हेत. मुलाचे जगणे जेथे आहे तेथून शाळेची जागा व वेळ ठरावी, हा विचार त्यांत सामावलेला आहे. ताराबाईंच्या निधनानंतर, १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. कुरणशाळेच्या वाट्याला मात्र असा राजाश्रय आला नाही. लहान मुलांचे अंगण शासनाने स्वीकारले. श्रम करणाऱ्या मुलाचे कुरण मागेच राहिले.

केळापूर तालुक्यातील कोलाम पोडांचा विचार करता हे अपुरेपण विशेष जाणवते. तेथे घरची भाषा कोलामी, तर पाठ्यपुस्तकाची मराठी. म्हणजे अंतर केवळ वाटेचे नाही, भाषेचेही आहे. ताराबाईंची पद्धती येथे लावायची तर शाळेला पोडावर जाऊन भागणार नाही. तिला पोडाच्या भाषेतही शिरावे लागेल. मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाऐवजी शाळा मुलापर्यंत कोठे पोचत नाही, हे विचारण्याची दृष्टी हाच ताराबाईंच्या जीवनकार्याचा टिकाऊ वारसा होय.