नानाभाई मूस आणि अलिबागची चुंबकीय वेधशाळा

तुमच्यापैकी काहींच्या घरी इंडक्शनची शेगडी असेल. तिच्यावर लोखंडी तवा लगेच तापतो, तांब्याचं भांडं मात्र थंडच राहतं. काचेखाली तारेचं वेटोळं असतं. त्यातून दिशा बदलणारी वीज वेगाने फिरते, भोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि तव्याच्या बुडातच वीज खेळू लागते. त्या विजेने तवा तापतो. वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र असतंच. शेगडीत ते कामाला येतं, पण नानाभाई मूस यांच्यापुढे त्यानेच मोठं संकट उभं केलं होतं.

नानाभाई फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ सालचा, मुंबईच्या पारशी घरातला. पुणे आणि एडिंबरो इथे शिकून ते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या.

आणि मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं! रुळांतून वीज वाहणार, म्हणजे सुई हलली तर ती पृथ्वीमुळे की ट्राममुळे, कसं कळणार? शहराला ट्राम हवीच होती. मग सुईलाच हलवायचं ठरलं. जागा निवडली अलिबागची. आपल्या अर्नाळ्यासारखंच समुद्रात किल्ला असलेलं गाव, आणि ट्रामपासून बरंच दूर.

नवी इमारत चुंबकाला न ओढणाऱ्या दगडाची बांधली, लोखंड कटाक्षाने टाळलं. १९०४ मध्ये काम सुरू झालं. पण कुलाब्याच्या नोंदी त्यांनी लगेच थांबवल्या नाहीत, आणि मला वाटतं खरी हुशारी इथेच आहे. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चाललं. त्यामुळे दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता आली. नाहीतर साठ-पासष्ट वर्षांच्या नोंदी तिथेच तुटल्या असत्या. विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यात धावली, तेव्हा सुई अलिबागला सुखरूप होती.

पुढे मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी तपासून ग्रंथरूपाने छापल्या. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले, १९३६ मध्ये वारले. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे.