औट घटकेचा राजा

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर काय चालतं हे सगळ्यांना माहीत आहे, सरांनासुद्धा! एका रूमवर जर्नलं उतरवणं चालू असतं आणि शेजारच्या रूमवर एका कॉम्प्युटरभोवती पंधरा जण बसलेले असतात. मागच्या सेमला असाच एक तलवारबाजीचा इंग्रजी सिनेमा पाहत होतो. ड्यूमाच्या 'थ्री मस्केटिअर्स' या जुन्या कादंबरीवरचा, 1973 साली आलेला. तलवारीही चालतात आणि हसून पोटही दुखतं. सिनेमा संपल्यावर आमच्या अकोल्याच्या एका भावाने निकाल देऊन टाकला की आपल्या मराठी माणसाला असलं काही जमलंच नाही. आपण आपले रडके सिनेमे काढत बसलो.

मी म्हटलं, थांब बावा. जमलं होतं, आणि तेही फार आधी! ते जमवणाऱ्या माणसाचं नाव होतं मास्टर विठ्ठल. रूमवरच्या पंधरापैकी एकालाही हे नाव माहीत नव्हतं. म्हणून हा लेखप्रपंच.

मास्टर विठ्ठल यांची सुरुवात झाली नाटकात. राजापूरकर नाटक मंडळीत ते बालनट होते. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले. हिरो म्हणून नाही हं! पडेल ते काम करायचं, फिल्म कापायची, जोडायची आणि जमलं तर एखादी छोटी भूमिका. 1924 च्या 'कल्याण खजिना'मध्ये त्यांना काम मिळालं ते नर्तकीचं. पुढे ज्याच्या तलवारीवर पब्लिक फिदा होणार होतं, तो गडी पडद्यावर आधी घागरा घालून नाचला. आपल्याकडे पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फाईल घासायला लावतात तेव्हा आपलं तोंड वाकडं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

1925 मध्ये मुंबईत नानूभाई देसाई आणि भोगीलाल दवे यांनी शारदा फिल्म कंपनी काढली. तिथे 1926 च्या 'रतन मंजरी'मध्ये विठ्ठल पहिल्यांदा नायक झाले आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तो मूकपटांचा जमाना होता. अमेरिकेच्या डग्लस फेअरबँक्सचे सिनेमे इकडेही तुफान चालत. 1924 चा त्याचा 'थीफ ऑफ बगदाद' तर आपल्या लोकांनी डोक्यावर घेतला होता. साहजिकच घोड्यावर झेप घेणारे, एकटे दहा जणांना लोळवणारे विठ्ठल हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स म्हणून ओळखले जाऊ लागले. मूकपटांच्या काळात सर्वात जास्त पगार घेणाऱ्या नटांमध्ये त्यांचं नाव होतं.

तेव्हा कॉम्प्युटर ग्राफिक्स नव्हते. अंगात जे असेल तेच पडद्यावर दिसणार. आपल्या अमरावतीकरांना हे वेगळं सांगायला नको. 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान आखाड्यात लाठी, दांडपट्टा, मल्लखांब बघतच इथली पोरं मोठी झाली. 1936 मध्ये याच संस्थेच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. दांडपट्टा फिरवणाऱ्याच्या मनगटात किती वर्षांची मेहनत असते ते गणपतीच्या मिरवणुकीत पाहावं. विठ्ठल यांचं भांडवल तेच होतं. शरीर बोलायचं, त्यामुळे तोंडाने बोलायची गरजच नव्हती!

आणि इथेच गोष्ट फिरली. सिनेमा बोलायला लागला.

अर्देशिर इराणी यांनी पहिला बोलपट काढायचं ठरवलं. नायक म्हणून त्यांना हवे होते सर्वात गाजलेले मास्टर विठ्ठल. पण विठ्ठल शारदा कंपनीशी कराराने बांधलेले. ते करार मोडून निघाले तशी कंपनी कोर्टात गेली. विठ्ठल यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर मोहम्मद अली जिना, आणि विठ्ठल केस जिंकले. एवढी किंमत होती या माणसाची!

'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये लागला. शेजारून रेल्वे जायची, तिचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून शूटिंग बहुतेक रात्री उरकलं होतं. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी नोंदले जात, नंतर स्टुडिओत बसून डबिंग करायची सोय नव्हती. एकदा बोललं ते बोललं. आणि बोलायचं होतं उर्दू वळणाच्या हिंदुस्थानीत. मराठी वळणाच्या विठ्ठल यांच्या जिभेला ती भाषा पेलेना. शेवटी त्यांची भूमिकाच बदलली गेली. बऱ्याच प्रसंगांत नायक अर्धवट शुद्धीत दाखवला, म्हणजे बोलायचा प्रश्न मिटला. देशाच्या पहिल्या बोलपटाचा नायक, आणि तोच जवळजवळ मुका! ज्यासाठी कोर्टात भांडून गेले, तिथे पोचल्यावर हे वाट्याला आलं.

मित्रांनो, हे वाचून हसू आलं असेल तर जरा थांबा. आपल्या वऱ्हाडातल्या पोराचं कॅम्पसच्या वेळी काय होतं ते आठवा. रूमवर सर्किट डोळे झाकून जोडणारा, सगळ्या फ्लोअरला थर्मो शिकवणारा गडी ग्रुप डिस्कशनमध्ये बसला की तोंडातून शब्द फुटत नाही. डोक्यात उत्तर वऱ्हाडीत तयार असतं, ते इंग्रजीत येईपर्यंत दुसराच बोलून मोकळा होतो. मी स्वतः दोनदा असा गप्प बसून बाहेर आलोय. तेव्हा मला 'आलम आरा'मधल्या त्या अर्धवट शुद्धीतल्या नायकाचं दुःख जरा जास्तच कळतं.

मग विठ्ठल यांनी काय केलं? घरी जाऊन बसले का? नाही! त्यांनी सिनेमा आतून पाहिलेला होता, कात्रीपासून कॅमेऱ्यापर्यंत. ते दिग्दर्शनाकडे वळले. दादासाहेब तोरणे, म्हणजे 1912 साली 'श्री पुंडलिक' काढणारे, त्यांची पुण्यात सरस्वती सिनेटोन ही कंपनी होती. तिच्यासाठी 1933 मध्ये विठ्ठल यांनी दिग्दर्शित केला 'औट घटकेचा राजा'. हिंदीत तोच 'आवारा शहजादा'. गोष्ट मूळची मार्क ट्वेनच्या 1881 च्या 'प्रिन्स अँड द पॉपर' या कादंबरीची. हुबेहूब एकसारखे दिसणारे दोन पोरं, एक राजपुत्र, एक भिकारी, आणि त्यांची अदलाबदल. राजवाडा, वेषांतर आणि त्यातून उडणारा गोंधळ. हीच ती आपल्या अकोल्याच्या भावाला न सापडलेली मराठी वस्तू!

दोन्ही भूमिका एकट्या शाहू मोडक यांनी केल्या. अहमदनगरच्या या मुलाचं वय तेव्हा जेमतेम पंधरा. भारतीय बोलपटातली पहिली दुहेरी भूमिका म्हणून तिचं नाव घेतलं जातं. त्या काळी डबल रोल करायची साधी पद्धत अशी, की लेन्सचा अर्धा भाग झाकायचा, एका बाजूचं काम टिपायचं, फिल्म मागे गुंडाळायची आणि मग दुसरी बाजू उघडून तीच फिल्म पुन्हा फिरवायची. मध्ये कॅमेरा केसभर जरी हलला तरी सगळं मुसळ केरात. एका टेकला दोनदा परीक्षा, आणि रिचेकिंग नाही!

नावाचा अर्थही गमतीचा आहे. औट म्हणजे साडेतीन. एक घटका 24 मिनिटांची, म्हणजे औट घटका झाली 84 मिनिटांची. आपल्या दोन लेक्चरएवढंही राज्य नाही. मला वाटतं, हा विषय करताना विठ्ठल यांना स्वतःची आठवण नक्की आली असेल. पाच वर्षं ते पडद्याचे राजे होते, आणि एका मायक्रोफोनने राज्य संपवलं.

पण माणूस संपला नाही. पुढेही ते कामं करत राहिले. भालजी पेंढारकरांच्या 1939 च्या 'नेताजी पालकर'मध्ये ते होते, आणि तिथे भाषा आपली मराठी होती. 1969 साली ते गेले. त्यांचे मूकपट बहुतेक हरवले. 'आलम आरा'चीही एकसुद्धा प्रिंट आज उपलब्ध नाही. राजाचं राज्य तर गेलंच, सातबाराही गेला!

आपल्या फील्डमध्ये तर हे दर चार वर्षांनी होणार आहे. आज जी लँग्वेज, जे सॉफ्टवेअर येतं म्हणून आपण कॉलर ताठ करतो, ते उद्या कोणी विचारणार नाही. तेव्हा तलवार फिरवणं कामाचं राहणार नाही. कामाला येईल ती कल्याण खजिन्याच्या वेळची कात्री, म्हणजे नाक न मुरडता शिकलेलं पडेल ते काम. आणि हो, बोलायची प्रॅक्टिस मात्र आजपासूनच सुरू करा. रोज जेवण झाल्यावर आमच्या रूमवर ग्रुप डिस्कशन असतं. या. चुकलं तर हसू, पण कोणाला बेशुद्ध पडू देणार नाही!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल